शब्दांसाठी ७ मिनिटे आणि एक खडू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास कार्डशीट, स्केचपेन आणि चिकटपट्टी यांवर प्राथमिक शिक्षकांचे बरेच पैसे खर्च होतात आणि त्याहून जास्त रात्री. शब्दपट्ट्या कापायच्या, चित्रे चिकटवायची, तक्ते टांगायचे. आठ-पंधरा दिवसांत तो तक्ता मुलांच्या नजरेला भिंतीसारखाच होतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वहीत तोवर दुसरेच चाललेले असते: 'शब्दार्थ तीन वेळा लिहा.' हा गृहपाठ मुले कशी करतात ते एकदा शेजारी बसून पाहावे. आधी सगळे शब्द एकाखाली एक, मग सगळी बरोबरची चिन्हे एकाखाली एक, मग सगळे अर्थ. हात चालतो, पान भरते, पण शब्द आणि त्याचा अर्थ एका क्षणी डोक्यात एकत्र येतच नाहीत.

आम्ही नाशिक जिल्ह्यात प्राथमिक वर्गांना भाषा शिकवणारे शिक्षक आहोत. खडू, फळा आणि मुलांच्या पाट्या यांपलीकडे विकतचे काहीही न लागणाऱ्या काही कृती या पत्रात देत आहोत. प्रशिक्षणात खेळ सांगितला जातो, तो वर्गात कुठे फसतो हे सहसा सांगितले जात नाही. ते लिहिल्यामुळे पत्र लांबले आहे, तरी आपण जागा द्यावी ही विनंती.

खेळाआधी शब्द निवडावे लागतात आणि पहिली चूक तिथेच होते. पाठाखाली दिलेले सगळे शब्द एका तासात उरकले की एकही पक्का होत नाही. तिसरी-चौथीला दिवसाला ६ आणि पाचवीपासून पुढे ८ नवे शब्द, एवढे पुष्कळ झाले. निवडताना एकच प्रश्न विचारावा: हा शब्द मुलाला पुन्हा कुठे भेटणार आहे? 'निरखणे', 'टंचाई', 'आढेवेढे', 'परिणाम' हे शब्द भाषेत भेटतात, परिसर अभ्यासात भेटतात, घरच्या बोलण्यातही भेटतात. त्यांच्यावर वेळ घालवावा. 'शिरस्त्राण' त्या एका पाठापुरते आहे, वाचताना डोक्यावर हात ठेवून दाखवले की काम झाले. आणि अर्थ हा शब्दापेक्षा सोपा हवा. 'अवर्षण म्हणजे अनावृष्टी' असे कितीतरी वह्यांत लिहिलेले असते. त्यात मुलाच्या पदरी एकाऐवजी दोन न कळलेले शब्द पडतात. 'पाऊस न पडणे' एवढे म्हणावे.

याहून मोठी चूक जोड्यांची आहे. परिवलन आणि परिभ्रमण, अक्षांश आणि रेखांश, अंश आणि छेद, आयात आणि निर्यात. हे शब्द एकाच तासात शेजारी-शेजारी लिहून शिकवले जातात आणि मग दहावीपर्यंत मुले त्यांची अदलाबदल करत राहतात. दोन्ही शब्द नवे असतील तर डोक्यात जोडी राहते, त्यातला कोणता कोणता ते राहत नाही. उपाय सोपा आहे. निफाड-दिंडोरीची द्राक्षे परदेशी जातात ती 'निर्यात', एवढाच शब्द आधी पक्का करावा. दोन आठवडे 'आयात' फळ्यावर येऊच देऊ नये. पुस्तकात दोन्ही एका ओळीत असले तर दुसरा वाचून पुढे जावे, त्यावर प्रश्न विचारू नये. विरुद्धार्थी जोडीतला एक शब्द मुलांच्या तोंडचा असेल तर मात्र अडचण येत नाही. 'कंजूस' माहीत असलेल्या मुलाला 'उदार' खुशाल त्याच्या आधाराने द्यावा.

आता खेळ. पहिला 'पुसता फळा'. सगळ्या खेळांत कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त पदरात टाकणारा हाच, असे आमचे मत आहे.

फळ्यावर १० शब्द लिहायचे, आजचे ६ आणि मागच्या आठवड्यातले ४. ओळीत किंवा रकान्यात लिहायचे नाहीत, बी फेकल्यासारखे फळाभर विखरून लिहायचे आणि प्रत्येक शब्दाभोवती गोल काढायचा. वर्गाने सगळे शब्द एकदा मोठ्याने वाचायचे. मग मुलांनी डोके बाकावर टेकवायचे. शिक्षकाने एक शब्द पुसायचा, गोल तसाच ठेवायचा. मुलांनी मान वर करून, गेलेला शब्द पाटीवर लिहायचा आणि खूण मिळताच सगळ्या पाट्या एकदम वर करायच्या. एका मुलाला तो शब्द वाक्यात वापरायला सांगायचा. पुन्हा डोकी खाली, दुसरा शब्द जातो. दर फेरीच्या सुरुवातीला शिक्षकाने पट्टी एकेका गोलावर ठेवायची आणि वर्गाने शब्द म्हणायचे, भरलेल्या गोलांतले वाचून आणि रिकाम्या गोलांतले आठवून. शेवटी फळ्यावर १० रिकामे गोल उरतात आणि वर्ग ते दहाही शब्द म्हणून दाखवतो. पहिल्या दिवशी १०-१२ मिनिटे लागतात. मुलांना रीत कळली की खेळ ७ मिनिटांत बसतो.

हा खेळ चार ठिकाणी फसतो. शब्द रकान्यात लिहिले तर मुले क्रम पाठ करतात आणि क्रम मोडला की शब्दही जातात. पाट्या न घेता तोंडी उत्तरे घेतली तर पुढच्या बाकावरची चार मुले ओरडतात आणि बाकीची त्यांच्या मागून तोंड हलवतात. त्यामुळे पाटी नसेल तर वहीचे मागचे पान घ्यावे, पण आधी लिहिणे आणि मग बोलणे हा नियम मोडू नये. तिसरी गोष्ट पुसण्याच्या क्रमाची. नवे शब्द आधी पुसले तर ते डोळ्यांखालून एक-दोनदाच जातात, म्हणून जुने चार आधी पुसावेत आणि नवे शेवटपर्यंत राहू द्यावेत. चौथी चूक सर्वांत मोठी: गेलेला शब्द ओळखणे ही नुसती नजरेची आठवण आहे, तिच्यात अर्थाला हात लागत नाही. म्हणून निम्मे शब्द पुसून झाले की खेळ उलटा करावा. शिक्षकाने अर्थ सांगायचा, 'पाऊस न पडणे, कोणता गोल?', आणि मुलाने फळ्याशी येऊन बरोबर गोलावर बोट ठेवून शब्द म्हणायचा. 'विहीर'ऐवजी 'विहिर' लिहिले गेले तर खेळ थांबवू नये. चुका लक्षात ठेवून शेवटच्या मिनिटात फळ्यावर घ्याव्यात.

याच खेळाचा दुसरा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी असतो आणि तो जवळजवळ सगळेच सोडून देतात. हजेरी घेण्याआधी फळ्यावर त्याच जागी १० रिकामे गोल काढायचे. काहीही सांगायचे नाही. मुले आपण होऊन शब्द भरू लागतात. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत वेगाने विसरले जाते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी सकाळीच हवी. शनिवारी एकत्र उजळणी घेतली की सोमवारचे शब्द नव्याने शिकवावे लागतात.

परिपाठातल्या 'आजचा शब्द'चेही हेच होते. फळ्याच्या कोपऱ्यात शब्द लिहिला जातो, अर्थ वाचला जातो, दुसऱ्या दिवशी पुसून नवा येतो. वर्षाला दोनशेच्या आसपास शब्द असे येतात आणि जातात, कारण कालचा शब्द आज कोणी विचारत नाही. त्यासाठी डबा ठेवावा. चहाचा किंवा बिस्किटांचा रिकामा डबा आणि एका बाजूने कोऱ्या जुन्या कागदांच्या चिठ्ठ्या. शाळा सुटण्याआधी दिवसभरातले ३ शब्द निवडायचे, ते मुलांनी निवडायचे, आणि एकेक चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे. चिठ्ठीवर अर्थ लिहायचा नाही. रोज कोणत्याही तासाच्या सुरुवातीला डब्यातून ५ चिठ्ठ्या काढायच्या. शब्द वाचायचा, मुलाने अर्थ आणि वाक्य सांगायचे. जमले तर चिठ्ठीवर एक रेघ आणि चिठ्ठी परत डब्यात. वेगवेगळ्या दिवशी मिळून ३ रेघा झाल्या की चिठ्ठी दुसऱ्या डब्यात जाते. त्या दुसऱ्या डब्यातून महिन्याकाठी १० चिठ्ठ्या काढायच्या, जो शब्द विसरला असेल तो पुन्हा पहिल्या डब्यात.

इथे घाई नडते. एकाच दिवशी तीनदा विचारून तीन रेघा ओढल्या तर चिठ्ठी पुढे जाते, शब्द जात नाही. दुसरे म्हणजे पहिल्या डब्यात ६० पेक्षा जास्त चिठ्ठ्या साचल्या की एकेक शब्द पुन्हा वर यायला दोन-दोन आठवडे लागतात. तेव्हा दोन-चार दिवस नवे शब्द बंद ठेवावेत. आणि उत्तर देणारा मुलगा चिठ्ठी निघण्याआधी ठरवू नये. आधी शब्द वाचावा, मनात तीन आकडे मोजावेत, मग नाव घ्यावे. नाव आधी घेतले की ४० मुलांच्या वर्गात बाकीच्या ३९ मुलांना सुट्टी मिळते.

'पाठमोरी खुर्ची' अनेकांना माहीत आहे. फळ्याकडे पाठ करून एक मूल बसते, त्याच्या मागे शब्द लिहितात, वर्ग खुणावाक्ये देतो. समजा शब्द आहे 'रहाड', म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरायचा जमिनीतला हौद. 'वर्षभर बंद असते', 'रंगपंचमीला उघडतात', 'दगडाने बांधलेली असते', 'तिच्यात उडी मारतात'. नाशिकचे मूल तिसऱ्या वाक्याला ओळखते. (हा शब्द जुन्या नाशकाबाहेर फारसा कोणाला माहीत नाही, म्हणूनही तो वर्गात यायला हवा.) तीन गोष्टींना बंदी: तो शब्द, त्याचा कोणताही भाग आणि पहिले अक्षर. एका शब्दाला एक मिनिट.

यात वाईट काय होऊ शकते, तर खुर्चीवरच्या मुलाला उत्तर येत नाही आणि सगळा वर्ग हसतो. मग ते मूल पुढे महिनाभर हात वर करत नाही. म्हणून खुर्चीवर एक नको, दोन मुले बसवावीत आणि त्यांना आपसांत कुजबुजू द्यावे. दुसरी अडचण म्हणजे खुणावाक्ये देणारी मुले तीच ती असतात. ओळींप्रमाणे पाळी लावावी, पहिल्या ओळीने पहिले वाक्य, दुसरीने दुसरे. तिसरीच्या मुलांना वाक्ये सुचत नाहीत आणि ती हातवारे करू लागतात. त्यांच्यासाठी फळ्याच्या कडेला तीन सुरुवाती कायम लिहून ठेवाव्यात: 'हे ... मध्ये सापडते', 'याने ... करतात', 'हे ...सारखे दिसते'. या खेळात खरा अभ्यास खुर्चीवरच्यांचा नसतोच, खुणावाक्य घडवणाऱ्यांचा असतो. त्यामुळे वाक्य अर्धवट असेल तर ते पूर्ण करून घ्यावे.

मराठी शब्दांबाबत एक गोष्ट परभाषेतल्या खेळांच्या यादीत मिळत नाही, ती आपल्यालाच भरून घ्यावी लागते. मराठीत नुसता शब्द आणि त्याचा अर्थ कळून भागत नाही. त्याचे लिंग आणि सामान्यरूप आल्याशिवाय तो वाक्यात बसत नाही. 'वाफ' आणि 'वाफा' दोन्ही ओळखणारे मूल लिहिताना 'वाफेत रोपे लावली' असे लिहून जाते. म्हणून शब्द फळ्यावर लिहितानाच तिहेरी लिहावा: तो वाफा, वाफ्यात. ती वाफ, वाफेने. ती विहीर, विहिरीला. ते मूळ, मुळाला. तो मुळा, मुळ्याला.

याचा खेळ असा. शिक्षकाने शब्द म्हणायचा. 'तो' असेल तर उजवा हात वर, 'ती' असेल तर डावा, 'ते' असेल तर दोन्ही. ४० मुलांच्या वर्गात कोपऱ्यांकडे पळवायला जाऊ नये, धक्काबुक्कीत शब्द राहून जातो. हात वर झाले की शिक्षकाने 'ला' म्हणायचे आणि वर्गाने पूर्ण रूप: 'रोप', दोन्ही हात, 'रोपाला'. 'पात', डावा हात, 'पातीला'. २० शब्दांना ३ मिनिटे लागतात. मुलांना खरी गंमत दुहेरी शब्दांत येते. 'नाव' म्हटले की निम्म्यांचा डावा हात आणि निम्म्यांचे दोन्ही. दोघेही बरोबर: ती नाव, नावेत बसलो. ते नाव, नावात काय आहे. तसेच ती माळ आणि तो माळ, ती वीट भाजतात आणि तो वीट येतो, तो वेळ गेला आणि ती वेळ आली. 'वेल' कोणी 'तो' म्हणेल, कोणी 'ती'; दोन्ही चालतात आणि चुकीची खूण करू नये. हे शिक्षकालाच आधी माहीत हवे, म्हणून खात्री नसलेला शब्द खेळात घेण्याआधी शब्दकोश उघडावा.

दुहेरी अर्थांसाठी आणखी एक चार मिनिटांची कृती आहे. फळ्यावर एक शब्द, बाकावरच्या जोडीने तो वापरला जातो अशी दोन ठिकाणे आणि दोन वाक्ये शोधायची. 'घाट' गोदावरीला आहे आणि कसाऱ्यालाही. 'डोळा' चेहऱ्यावर असतो आणि द्राक्षाच्या काडीवरही. 'मान' माणसाला असते, कांद्यालाही असते, आणि पाहुण्याला देतात तो वेगळाच. 'चाळ' माणसांची आणि कांद्याची. पावसाळ्यात बातम्यांमध्ये रोज 'गंगापूर धरणातून विसर्ग' असे येते आणि पाचवीच्या मुलाला विसर्ग म्हणजे 'दुःख'मधली दोन टिंबे एवढेच माहीत असते. हा शब्द घ्यायचा तर पूर आलेल्या आठवड्यातच घ्यावा. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, याची चर्चा घरोघरी चाललेली असते, तेव्हा 'विसर्ग', 'पाणलोट', 'पात्र', 'पातळी' हे चार शब्द बिनकष्टाने बसतात. शेतकऱ्यांच्या मुलांकडे असे शब्द वर्गातल्या शिक्षकापेक्षा जास्त असतात. छाटणी, विरळणी, उळे, गोल्टी, डेंगळा. शहरातून आलेल्या शिक्षकाने ते विचारून घ्यावेत. ज्या मुलाला पुस्तकातले काही येत नाही ते मूलही त्या दिवशी फळ्यापाशी उभे राहून वर्गाला अर्थ समजावते.

'चढती रांग' हीदेखील पाट्यांवरची कृती. गार, कोमट, गरम, कढत असे चार शब्द चार मुलांच्या पाटीवर लिहायचे, त्यांना पुढे उभे करायचे आणि वर्गाने त्यांना कमीकडून जास्तीकडे लावायचे. नाराज, रागावलेला, संतापलेला. भुरभुर, रिमझिम, मुसळधार. जागा बदलायला सांगणाऱ्याने कारण सांगायचे. कारण न सांगता 'तिकडे, तिकडे' चालू दिले तर खेळ व्यर्थ. इथे शिक्षकाने आपलाच क्रम बरोबर असा हट्ट धरू नये. 'चिडलेला' आणि 'रागावलेला' यांत जास्त कोण, यावर दोन मते होतात आणि त्या वादात शब्द पक्के होतात. सगळे शब्द रांगेत बसत नाहीत, हेही कळले पाहिजे. ठणका, कळ आणि चुणचुण हे कमी-जास्त नाहीत, वेगवेगळ्या जातीचे दुखणे आहे. ते शब्द करून दाखवायला सांगावेत.

पाट्याही काढायला वेळ नसेल, तास संपायला तीन मिनिटे असतील, तर 'होय-नाही'. दोन नवे शब्द एका प्रश्नात बांधायचे. कंजूस माणूस उधळपट्टी करेल का? पाणवठ्यावर टंचाई असू शकते का? होय म्हणणाऱ्यांनी उभे राहायचे, नाही म्हणणाऱ्यांनी बसून राहायचे आणि दोन्हींकडच्या एकेकाने 'कारण' लावून वाक्य बोलायचे. उत्तर दोन्ही बाजूंनी देता येईल असा प्रश्न सर्वांत चांगला. लगेच सगळे उभे राहिले तर प्रश्न फार सोपा झाला असे समजावे.

'नाव-गाव-फळ-फूल' मुलांना येतेच, फक्त रकाने बदलायचे. नाव आणि गाव काढून टाकावेत, त्यांत नवा शब्द मिळत नाही. त्यांऐवजी वस्तू, क्रिया, 'कसा-कशी' सांगणारा शब्द आणि शेतातले किंवा स्वयंपाकघरातले काही. अक्षर क, प, स, म किंवा ब घ्यावे. 'ळ' अक्षराने मराठी शब्द सुरूच होत नाही आणि 'ण' घेतला तर वर्ग नुसता बसून राहतो. वेळ दीड मिनिट, एकट्याचाच शब्द असेल तर १०, दुसऱ्यानेही लिहिला असेल तर ५. हा नियम मुलांचाच आहे आणि तो उत्तम आहे, कारण त्यामुळे ती सरधोपट शब्द टाळून आडबाजूचे शोधतात. न कळलेला शब्द आला तर लिहिणाऱ्यानेच अर्थ सांगायचा, नाही आला तर गुण नाहीत.

शब्दांची कुटुंबे पाहायची तर 'पाण'पासून सुरुवात करावी: पाणवठा, पाणपोई, पाणलोट, पाणथळ, पाणबुडी, पाणकोंबडी, पाणचट. मुले आपण होऊन पुढे नेतात. एवढेच सांभाळावे, की 'पाण' दिसले म्हणून 'पाणउतारा'चा अर्थ अंदाजाने नदीशी जोडला जातो. तो शब्द मुद्दाम शेवटी द्यावा.

सुरगाणा, पेठ, कळवणच्या वर्गांत अनेक मुलांची घरची बोली कोकणा किंवा भिलांची, बागलाण-मालेगावकडे अहिराणी. तिथे फळ्याचे दोन भाग करावेत, एका बाजूला पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूला 'तुमच्याकडे काय म्हणतात?' मुलगा, आंडोर. माझे, मन्हं. दुसऱ्या बाजूचे शब्द मुलांनी सांगायचे आणि शिक्षकाने ऐकून लिहायचे. ते 'अशुद्ध' म्हणून खोडले की मूल पहिल्या बाजूचेही बोलत नाही. द्राक्षांच्या हंगामात आई-वडिलांबरोबर मजुरीला गेलेली मुले आठवडेच्या आठवडे नसतात. ती परतल्यावर सगळे पाठ पुन्हा घेणे शक्य नसते, पण डबा समोर ठेवून रोज ५ चिठ्ठ्या वर्गमित्रांनी त्यांना विचारणे शक्य असते. जोडवर्गातही हाच डबा कामी येतो. शिक्षक पहिलीकडे असताना चौथीची मुले चौघा-चौघांत चिठ्ठ्या काढून खेळतात. आवाज होतो, तो होऊ द्यावा.

इंग्रजीबद्दल थोडेच लिहितो. आपल्याकडे मराठी शाळांत ते २००० पासून पहिलीपासून शिकवले जाते, आणि अजूनही मुख्य भर 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' या घोषावर आहे. मांजराला इंग्रजीत काय म्हणतात असे विचारले की मुलाला घोष पहिल्यापासून म्हणावा लागतो. त्यापेक्षा पहिली-दुसरीत अक्षरे बाजूला ठेवून कृती कराव्यात: शिक्षकाने 'टच द विंडो', 'ओपन युवर बॅग' म्हणायचे, मुलांनी करायचे, चौथ्या दिवसापासून सूचना मुलांनीच द्यायच्या. चौथीपासून 'गावातले इंग्रजी' ही कृती घ्यावी. ३ मिनिटांत मुले क्रेट, स्प्रे, ड्रिप, ट्रॅक्टर, पॅकिंग असे वीस-पंचवीस शब्द सहज गोळा करतात. पण त्याच तासात सांगावे, की आपण 'लाईट गेली' म्हणतो तेव्हा वीज म्हणायचे असते, इंग्रजीत त्या शब्दाचा मुख्य अर्थ उजेड. आपण चहा प्यायला 'हॉटेलात' जातो, इंग्रजीत तो शब्द मुक्कामाच्या जागेचा. हे न सांगितल्यास ओळखीचा शब्दच पुढे दगा देतो.

दोन विनंत्या आहेत. पहिली शाळा पाहायला येणाऱ्या अधिकाऱ्यांना. भिंतीवर तक्ते किती आणि टाचणात शैक्षणिक साहित्याचा रकाना भरला आहे का, हे पाहण्याऐवजी त्यांनी वर्गातल्या डब्यातून १० चिठ्ठ्या काढून मुलांना विचाराव्यात. तो डबाच साहित्य म्हणून धरला जावा.

दुसरी आपणांस. आठवड्यातून एकदा, शक्यतो सोमवारी, आधीच्या आठवड्यातल्या नाशिकच्या बातम्यांतले ५ शब्द आपण छापावेत. प्रत्येक शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य द्यावे, शब्दाच्या जागी रेघ ठेवावी आणि पाचही शब्द खाली उलटसुलट क्रमाने द्यावेत. एका स्तंभात पंजाएवढी जागा पुरते. अर्थ त्याच दिवशी छापू नयेत, पुढच्या सोमवारी नव्या पाच वाक्यांच्या खाली द्यावेत, आणि त्या नव्या पाचांत मागच्या आठवड्यातला एक शब्द पुन्हा यावा.

कळावे,
आपले,
नाशिक जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत भाषा शिकवणारे काही शिक्षक